एनजिनएक्सच्या मागे आपलं ॲप कसं बसवायचं, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

तुमचं ॲप लॅपटॉपवर चालतंय, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट कोलन 3000 टाकलं की पान येतं, सगळं छान. आता एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतलाय, डोमेन घेतलंय, आणि लोकांनी नुसतं डोमेन टाकलं की तेच पान उघडायला पाहिजे, मागे ते 3000 चं शेपूट न लावता. इथं बरेच जण अडकतात. मी पण अडकलो होतो, साताऱ्यात मामांचा क्लास आहे त्यांच्यासाठी टेस्टचे मार्क दाखवणारी साइट केली होती नोडमध्ये, ॲप लिहायला दोन शनिवार-रविवार लागले आणि ते सर्व्हरवर नीट उभं करायला पूर्ण आठवडा. आज तेच काम अर्ध्या तासात होतं, म्हणजे अवघड नव्हतं, मला कोण कोणाशी बोलतंय तेच कळलं नव्हतं.

एक आधीच सांगतो, सगळ्या कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिली आहेत. टर्मिनलवर टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल, आणि जिथे मी अंडरस्कोर किंवा डॅश दिलाय तिथे तोच द्यायचा. एनजिनएक्स म्हणजे वेब सर्व्हर, ब्राउझरच्या विनंत्यांना उत्तर देणारा प्रोग्रॅम. त्याचं स्पेलिंग एन जी आय एन एक्स, म्हणायचं मात्र इंजिन-एक्स. इगोर सिसोएव्ह नावाच्या रशियन माणसाने लिहिलं, 2004 मध्ये बाहेर आलं, एकाच मशीनवर एका वेळी हजारो कनेक्शन सांभाळता यावीत म्हणून. आपल्याला हजारो नकोत, पण कमी मेमरीत चालतं हे आपल्या स्वस्तातल्या सर्व्हरला फार सोयीचं पडतं.

आधी हे प्रॉक्सी म्हणजे काय

ऑफिसात नेटवर काही साइट बंद असतात, तिथे जो प्रॉक्सी असतो तो उलट्या बाजूचा, तो आपल्या वतीने बाहेर जातो. आपण लावणार तो रिव्हर्स प्रॉक्सी, तो बाहेरून आलेल्याला आतल्या ॲपपर्यंत नेतो. लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. पंगतीतला माणूस उठून आचाऱ्याकडे जात नाही, तो वाढप्याला सांगतो, वाढपी आत जातो, आणून वाढतो. आचाऱ्याला पाहुणे दिसत नाहीत, पाहुण्यांना आचारी दिसत नाही. एनजिनएक्स म्हणजे वाढपी, तुमचं ॲप म्हणजे आचारी.

म्हणजे इथे बोलणी दोन झाली. ब्राउझर ते एनजिनएक्स एक, आणि एनजिनएक्स ते ॲप दुसरं. दोन वेगळी कनेक्शन, दोन वेगळे टाइमआउट, दोन ठिकाणचे लॉग. काही बिघडलं की पहिला प्रश्न एकच, यातलं कुठलं बोलणं तुटलं. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेलं सगळं फक्त टायपिंग आहे.

ॲपच थेट 80 पोर्टवर (नुसतं डोमेन टाकलं की ब्राउझर साध्या एचटीटीपीने येतो तो दरवाजा) का नाही चालवायचं, असं मला एका ज्युनियरने विचारलं होतं. चालवता येतं, पण लिनक्सवर 1024 च्या खालच्या पोर्टला साधारणपणे रूटचे (सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य युजरचे) अधिकार लागतात आणि आपण लिहिलेलं ॲप रूट म्हणून चालवणं म्हणजे घराची किल्ली दारालाच लावून गावाला जाणं. शिवाय उद्या त्याच सर्व्हरवर दुसरं ॲप टाकायचं झालं तर? पोर्ट 80 एकच आहे. आणि एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट सांभाळायचं काम ॲपच्या डोक्यावर नको.

पायरी 1: ॲप आत नीट चालतंय का

ही पायरी सगळे गाळतात, मग एनजिनएक्सला शिव्या देत बसतात. सर्व्हरवर लॉगिन करा आणि तिथल्या तिथे विचारा:

कर्ल एचटीटीपी://127.0.0.1:3000

पानाचं एचटीएमएल आलं तर पुढे चला. कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर ॲप बंद आहे किंवा वेगळ्या पोर्टवर आहे, आधी ते बघा. कुठल्या पोर्टवर कोण बसलंय हे सुडो एसएस -टीएलएनपी या कमांडने दिसतं. तुमचं जँगो असेल तर बहुतेक 8000, फ्लास्क 5000, स्प्रिंग बूट 8080, मी इथे 3000 धरून चाललोय.

त्याच एसएसच्या यादीत अजून एक गोष्ट बघून घ्या. पोर्टच्या आधी 127.0.0.1 लिहिलंय की 0.0.0.0 (किंवा नुसतं फुली चिन्ह)? पहिलं असेल तर ॲप फक्त सर्व्हरच्या आतूनच भेटतं, आपल्याला तेच पाहिजे. दुसरं असेल तर ॲप सगळ्या जगाला थेट उघडं आहे, फायरवॉल नसेल तर कोणीही 3000 टाकून वाढप्याला टाळून सरळ मुदपाकखान्यात शिरेल. नोडमध्ये लिसनला पोर्टनंतर दुसरं आर्ग्युमेंट म्हणून 127.0.0.1 द्यायचं, बास.

डॉकर वापरणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. पोर्ट 3000:3000 असं उघडलंत तर डॉकर स्वतःचे नियम आयपीटेबल्समध्ये घालतो आणि यूएफडब्ल्यू फायरवॉलला त्याचा पत्ताही लागत नाही, तुम्ही आपले निवांत की फायरवॉल चालू आहे. 127.0.0.1:3000:3000 असं लिहा.

पायरी 2: इन्स्टॉल आणि दरवाजे

उबुंटू किंवा डेबियन असेल तर सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी इन्स्टॉल एनजिनएक्स. उबुंटू 24.04 वर 1.24 व्हर्जन येतं, आपल्या कामाला भरपूर. झालं की ब्राउझरमध्ये सर्व्हरचा आयपी टाका, वेलकम टू एनजिनएक्स असं साधं पांढरं पान दिसलं पाहिजे.

नाही दिसलं तर दोन शक्यता. एक, आधीपासून अपाची (दुसरा एक वेब सर्व्हर) बसलेलं आहे आणि त्याने 80 पोर्ट धरून ठेवलंय, लॉगमध्ये ॲड्रेस ऑलरेडी इन यूज असं येईल, अपाची बंद करा. दोन, फायरवॉल. आणि फायरवॉल दोन ठिकाणी असू शकते, सर्व्हरच्या आत यूएफडब्ल्यू आणि बाहेर क्लाउडवाल्यांच्या पॅनेलमध्ये (ॲमेझॉनवर त्याला सिक्युरिटी ग्रुप म्हणतात). दोन्हीकडे 80 आणि 443 (एचटीटीपीएसचा पोर्ट) उघडं पाहिजे. 3000 उघडायचं नाही, कुठेही नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

यूएफडब्ल्यू चालू करायच्या आधी ओपनएसएसएचला (आपण सर्व्हरवर लॉगिन करतो तो रस्ता) परवानगी द्या. आधी सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ओपनएसएसएच, मग अलाउ 'एनजिनएक्स फुल', आणि सगळ्यात शेवटी एनेबल. हा क्रम मी उलटा केला होता रात्री साडेअकराला, एनेबल दाबलं, पुढची कमांड मारायच्या आत टर्मिनल बंद पडलं आणि मग परत लॉगिनच होईना. स्वतःच्याच घराबाहेर कुलूप लावून उभा. क्लाउडच्या पॅनेलमधून ब्राउझरवाली कन्सोल उघडून सुटका झाली, पण तोपर्यंत घाम फुटला होता.

पायरी 3: कॉन्फिगची फाइल

/ईटीसी/एनजिनएक्स या फोल्डरमध्ये जा. तिथे साइट्स-अव्हेलेबल आणि साइट्स-एनेबल्ड अशी दोन फोल्डर दिसतील. पहिल्यात फाइल लिहून ठेवायची, दुसऱ्यात तिची फक्त लिंक, म्हणजे साइट बंद करायची झाली तर लिंक काढायची, फाइल राहते. ही डेबियन-उबुंटूची पद्धत आहे, रेडहॅट घराण्यात (अल्मा, रॉकी वगैरे) सरळ कॉन्फ.डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फ नावाची फाइल टाकतात.

साइट्स-अव्हेलेबलमध्ये क्लास नावाची नवी फाइल उघडा, सुडो नॅनो वापरा, विम येत असेल तर तुम्हाला मी काय सांगणार. आत एवढंच:

सर्व्हर {
    लिसन 80;
    सर्व्हर_नेम क्लास.उदाहरण.कॉम;

    लोकेशन / {
        प्रॉक्सी_पास एचटीटीपी://127.0.0.1:3000;
    }
}

उदाहरण.कॉमच्या जागी तुमचं डोमेन. प्रत्येक ओळीच्या शेवटी सेमीकोलन, पण महिरपी कंसानंतर नाही. सेमीकोलन विसरलात तर एरर बहुतेक वेळा पुढच्या ओळीवर दाखवतो, त्यामुळे दाखवलेल्या ओळीत काही चूक दिसली नाही तर एक ओळ वर बघायचं.

127.0.0.1 ऐवजी लोकलहोस्ट लिहिलं तरी चालतं असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, मी लिहीत नाही. लोकलहोस्टचे बऱ्याच मशीनवर दोन पत्ते असतात, आयपीव्ही4 चा आणि आयपीव्ही6 चा (कोलन कोलन 1), एनजिनएक्स दोन्हीकडे आलटून पालटून जातो, ॲप एकाच पत्त्यावर असलं की लॉगमध्ये विनाकारण कनेक्शन रिफ्यूज्डचा कचरा साठत जातो. आकडाच लिहा.

आता लिंक:

सुडो एलएन -एस /ईटीसी/एनजिनएक्स/साइट्स-अव्हेलेबल/क्लास /ईटीसी/एनजिनएक्स/साइट्स-एनेबल्ड/

दोन्ही पाथ पहिल्या स्लॅशपासून पूर्ण लिहा. आपण त्याच फोल्डरमध्ये उभे आहोत म्हणून अर्धवट पाथ दिला तर लिंक बनते, एलएस मारल्यावर दिसतेही, पण ती हवेत लोंबकळत असते आणि एनजिनएक्स म्हणतो नो सच फाइल. फाइल तर डोळ्यासमोर दिसतेय! मी यात पाऊण तास घालवलाय.

मग सुडो एनजिनएक्स -टी. हा टेस्ट, कॉन्फिग वाचून बघतो फक्त. शेवटी टेस्ट इज सक्सेसफुल आलं की सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स. रीस्टार्ट नाही, रीलोड. रीलोडमध्ये जुनी कनेक्शन चालू राहतात, नवे वर्कर नवं कॉन्फिग घेऊन उभे राहतात, आणि कॉन्फिगमध्ये चूक असली तर जुन्यावरच काम चालू राहतं. रीस्टार्टमध्ये आधी बंद होतं आणि मग चुकीमुळे परत उठतच नाही, सगळ्या साइट आडव्या.

ब्राउझर उघडा. तुमचं ॲप दिसलं का? दिसलं तर अभिनंदन, पण लेख बंद करू नका, हे अर्धंच झालंय.

अजून वेलकमचंच पान येत असेल तर सर्व्हर_नेममध्ये डोमेन चुकलंय, कारण नाव जुळलं नाही की एनजिनएक्स डिफॉल्ट साइटकडे पाठवतो. साइट्स-एनेबल्डमधली डिफॉल्ट नावाची लिंक काढून टाकली तरी चालतं, मी तर पहिल्याच दिवशी काढतो. डोमेनचं डीएनएस (डोमेनवरून सर्व्हरचा आयपी सांगणारी नोंद) अजून पसरलं नसेल तर वाट बघत बसू नका, लॅपटॉपवरून कर्ल -एच "होस्ट: क्लास.उदाहरण.कॉम" एचटीटीपी:// आणि पुढे सर्व्हरचा आयपी, असं करून तपासता येतं, इथला एच मात्र कॅपिटल.

पायरी 4: हेडर, म्हणजे आत जाणारी चिठ्ठी

आता वाढपी आत जाऊन सांगतो की एक ताट द्या. कोणाला पाहिजे, शाकाहारी की काय, काही सांगत नाही. एनजिनएक्स मुळात असंच करतो. ॲपला दिसतं की रिक्वेस्ट 127.0.0.1 वरून आली, होस्ट पण 127.0.0.1:3000, आणि साधं एचटीटीपी. खरा माणूस कोण, कुठल्या डोमेनवर आला, कुलूपवाल्या एचटीटीपीएसने आला की नाही, ॲपला काही पत्ता नाही.

मामांच्या साइटवर मी चुकीचा पासवर्ड पाच वेळा टाकला की तो आयपी 15 मिनिटं बंद, असं केलं होतं. एका पोराने पाच वेळा चुकवला आणि सगळा क्लास बाहेर. का, तर ॲपच्या दृष्टीने सगळ्यांचा आयपी एकच, 127.0.0.1. मामांचा फोन, "अरे, साइट कुणालाच उघडंना झालीय की." मी आपला डेटाबेस तपासत बसलो होतो.

तर लोकेशनच्या कंसात प्रॉक्सी_पासच्या खाली या चार ओळी टाका, डोळे झाकून टाका:

प्रॉक्सी_सेट_हेडर होस्ट $होस्ट;
प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-रिअल-आयपी $रिमोट_ॲडर;
प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-फॉर $प्रॉक्सी_ॲड_एक्स_फॉरवर्डेड_फॉर;
प्रॉक्सी_सेट_हेडर एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो $स्कीम;

(ॲडर म्हणजे ॲड्रेस पूर्ण नाही, नुसतं ए डी डी आर.)

चिठ्ठी पाठवली तरी आचाऱ्याने ती वाचली पाहिजे. एक्सप्रेसमध्ये (नोडचं एक फ्रेमवर्क) ॲप.सेट करून 'ट्रस्ट प्रॉक्सी' ला 1 द्यावं लागतं, तेव्हा तो पुढचा आयपी खरा मानतो. जँगोत अलाउड होस्ट्समध्ये डोमेन पाहिजे, नाहीतर 400 बॅड रिक्वेस्ट, आणि एचटीटीपीएससाठी सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर नावाची सेटिंग आहे (जँगोची ही दोन्ही नावं मात्र सगळी कॅपिटल). ॲप जर स्वतः लोकांना एचटीटीपीएसवर ढकलत असेल आणि प्रोटोची ओळ तुम्ही दिली नसेल तर गंमत होते, ॲपला वाटतं हा साधा आलाय, जा एचटीटीपीएसने, तो एचटीटीपीएसनेच आलेला असतो, परत ढकल, परत ढकल, शेवटी ब्राउझर टू मेनी रीडायरेक्ट्स म्हणून हात टेकतो.

एक्स-फॉरवर्डेड-फॉरवर आंधळा भरवसा नको. पाठवणारा स्वतःच त्यात काहीही आयपी लिहून पाठवू शकतो आणि एनजिनएक्स त्याच्या पुढे खरा आयपी जोडतो, म्हणजे यादीतला डावीकडचा पहिला आयपी थापही असू शकते. तुमचा एनजिनएक्स सगळ्यात पुढे उभा असेल तर एक्स-रिअल-आयपी वापरणं सोपं आणि खात्रीचं.

आणि हे कुठे ठळक लिहिलेलं सापडत नाही म्हणून सांगतो, या चार ओळी वर सर्व्हरच्या कंसात लिहिल्या आणि खाली एखाद्या लोकेशनमध्ये एक जरी प्रॉक्सी_सेट_हेडर टाकलं, तर त्या लोकेशनला वरच्या चारही मिळत नाहीत. जोडल्या जात नाहीत, गळून जातात. म्हणून मी चार ओळींची वेगळी फाइल करून ठेवतो आणि प्रत्येक लोकेशनमध्ये इन्क्लूड करतो.

तो शेवटचा स्लॅश

पुढे मार्कांचं एपीआय वेगळं काढलं, ते 4000 पोर्टवर. एपीआयने सुरू होणारं सगळं तिकडे पाठवायचं होतं. मी लिहिलं:

लोकेशन /एपीआय/ {
    प्रॉक्सी_पास एचटीटीपी://127.0.0.1:4000;
}

404. ॲप थेट विचारलं तर बरोबर उत्तर देतंय, एनजिनएक्समधून 404. मग शेवटी 4000 च्या पुढे एक स्लॅश दिला, 4000/; असा, आणि चाललं. एका तिरक्या रेघेने.

नियम असा आहे. प्रॉक्सी_पासमध्ये पोर्टनंतर काहीच नसेल तर आलेला पत्ता जसाच्या तसा आत जातो, /एपीआय/मार्क्स आलं की ॲपलाही /एपीआय/मार्क्स. पोर्टनंतर काहीही असेल, अगदी एक स्लॅश जरी, तर लोकेशनमध्ये लिहिलेला तुकडा कापून त्या जागी ते लावलं जातं, म्हणजे /एपीआय/ जातं, / येतं, ॲपला मिळतं /मार्क्स. माझ्या ॲपला नुसतं /मार्क्स माहीत होतं म्हणून 404. तुमच्या ॲपमधल्या पत्त्यातच (राउटमध्ये) एपीआय असेल तर स्लॅश देऊ नका. आणि लोकेशन /एपीआय असं शेवटच्या स्लॅशशिवाय लिहून खाली मात्र स्लॅश दिलात तर आत //मार्क्स जाईल, दोन स्लॅश. वर स्लॅश तर खाली स्लॅश, नाहीतर खाली काहीच नाही, एवढं लक्षात ठेवा.

पायरी 5: एचटीटीपीएस

सोपं आहे, लेट्स एन्क्रिप्ट सर्टिफिकेट फुकट देतं. सर्टबॉट (ते आणून बसवणारा प्रोग्रॅम) आणि त्याचं पायथन3-सर्टबॉट-एनजिनएक्स हे पॅकेज टाका, मग सुडो सर्टबॉट --एनजिनएक्स -डी क्लास.उदाहरण.कॉम. डोमेन आधी सर्व्हरकडे वळलेलं पाहिजे आणि 80 पोर्ट उघडं, कारण तपासणी तिथूनच होते. तो तुमच्या फाइलमध्येच ओळी घालतो, घाबरू नका, प्रॉक्सीचा भाग तसाच राहतो. सर्टिफिकेट 90 दिवसांचं, नूतनीकरण आपोआप होतं, पण सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन एकदा मारून खात्री करा, कारण 2025 पासून त्यांनी मुदत संपत आल्याची मेल पाठवणं बंद केलंय.

बिघडलं तर

दुसऱ्या खिडकीत सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/एनजिनएक्स/एरर.लॉग लावून ठेवा आणि मग ब्राउझर रिफ्रेश करा. गुगल नंतर, लॉग आधी.

502 बॅड गेटवे म्हणजे वाढपी आत गेला आणि आचारी जागेवर नाही. लॉगमध्ये 111 कनेक्शन रिफ्यूज्ड दिसेल, ॲप पडलंय किंवा पोर्ट चुकलाय. एनजिनएक्सचा काही दोष नाही, पायरी 1 चं कर्ल परत मारा. पण तिथे 13 परमिशन डिनाइड लिहिलं असेल आणि तुम्ही अल्मा किंवा रॉकीवर असाल तर ते एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा पहारेकरी) आहे, सुडो सेटएसईबूल -पी (पी कॅपिटल) एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट 1 मारायचं. एसईलिनक्सच बंद करून टाका असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो, ऐकू नका.

504 म्हणजे आचारी आहे, पण भात अजून शिजतोय. एनजिनएक्स मुळात 60 सेकंद वाट बघतो, प्रॉक्सी_रीड_टाइमआउट वाढवता येतो, पण ही 60 सेकंद पूर्ण उत्तराची नाहीत, आतून दोन वेळा काही येण्यामधली आहेत. मी वाढवायच्या आधी विचारतो की एका पानाला मिनिट का लागतंय, बहुतेक वेळा डेटाबेसवर इंडेक्स नसतो.

413 चं मात्र सविस्तर सांगतो. पोरांनी घरी सोडवलेल्या पेपरचे फोटो साइटवर टाकायचे अशी सोय केली होती. माझ्याकडून चाललं, मामांकडून चाललं, आणि संध्याकाळी पोरांनी टाकायला घेतले तर निम्म्यांचे जाईनात. ॲपच्या लॉगमध्ये काहीच नाही, एरर नाही, रिक्वेस्ट आल्याची खूणही नाही, जणू त्यांनी पाठवलेच नाहीत. तेव्हा ती दोन बोलण्यांची गोष्ट आठवली. ॲपला कळलंच नाही म्हणजे पहिल्या बोलण्यातच तुटलं. एनजिनएक्सचा लॉग उघडला, क्लायंट इंटेंडेड टू सेंड टू लार्ज बॉडी, ओळीमागून ओळ. एनजिनएक्स मुळात 1 एमबीच्या वरचं काही आत घेतच नाही आणि आजकालच्या फोनचा एक फोटो तीन-चार एमबीचा सहज असतो. आम्ही टेस्टला व्हॉट्सॲपवरून आलेले, त्यातच आधी बारीक झालेले फोटो वापरले होते! सर्व्हरच्या कंसात क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइझ 10एम; लिहिलं, रीलोड केलं, दहा मिनिटांत सगळे पेपर आले. ज्यांनी पेपर सोडवलाच नव्हता आणि साइटचं कारण सांगत होते ते तेवढे उघडे पडले.

ॲक्सेस लॉगमध्ये 499 दिसलं तर ते एनजिनएक्सचं स्वतःचं आहे, उत्तर यायच्या आत समोरचा कंटाळून निघून गेला. निकालाच्या दिवशी भरपूर दिसतात, दर दोन सेकंदाला रिफ्रेश दाबणारे.

चॅट किंवा लाइव्ह स्कोअरसारखं वेबसॉकेटवालं काही असेल तर अजून तीन ओळी लागतात: प्रॉक्सी_एचटीटीपी_व्हर्जन 1.1, मग प्रॉक्सी_सेट_हेडर अपग्रेड $एचटीटीपी_अपग्रेड, आणि प्रॉक्सी_सेट_हेडर कनेक्शन "अपग्रेड", कारण अपग्रेडची विनंती एनजिनएक्स आपणहून पुढे देत नाही. बरोबर एका मिनिटाने कनेक्शन तुटत असेल तर वरचाच 60 सेकंदांचा टाइमआउट, ॲपमधून दर 30 सेकंदांनी एक पिंग पाठवत जा.

अपाची वापरणाऱ्यांसाठी

तिथेही होतं. ए2एनमॉड प्रॉक्सी प्रॉक्सी_एचटीटीपी, रीस्टार्ट, आणि व्हर्च्युअलहोस्टमध्ये प्रॉक्सीपास / एचटीटीपी://127.0.0.1:3000/ लिहायचं, तसंच खाली प्रॉक्सीपासरिव्हर्स, आणि प्रॉक्सीप्रिझर्व्हहोस्ट ऑन. प्रॉक्सीरिक्वेस्ट्स ऑन मात्र चुकूनही नको, ते केलं तर तुमचा सर्व्हर अख्ख्या जगाचा फुकटचा फॉरवर्ड प्रॉक्सी होतो आणि मग कुठले कुठले लोक तुमच्या आयपीवरून काय काय करतात ते बघत बसा.

सर्व्हर एकदा बंद करून चालू करा

सगळं चाललं की झोपायच्या आधी सुडो रीबूट मारा, खरंच मारा. उबुंटू-डेबियनवर पॅकेजमधून टाकलेला एनजिनएक्स आपोआप उठतो, तुमचं ॲप उठेलच असं नाही, कारण ते तुम्ही हाताने टर्मिनलमध्ये सुरू केलेलं असतं. त्याची सिस्टमडी सर्व्हिस करून सिस्टमसीटीएल एनेबल करा, किंवा नोड असेल तर पीएम2 वापरा, त्यात पीएम2 सेव्ह आणि पीएम2 स्टार्टअप दोन्ही कराव्या लागतात, एकच केली तर उठत नाही. दोन मिनिटांनी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा, म्हणजे घरच्या राउटरमुळे चालतंय की खरंच चालतंय ते कळतं. 502 आला तर आचारी उठलेला नाही, सर्व्हिसची फाइल बघा. पान आलं तर मामांना लिंक पाठवा.